एकटीचा प्रोग्रॅम

सबनीस मॅडमशी माझी पहिली ओळख भांडणानंच व्हायची होती, पण त्यांनी भांडूच दिलं नाही.

आम्ही सटाण्याहून नाशिकला राहायला आलो त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. यांना अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि गौरी दुसरीत होती. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत एका बिल्डरनं सिमेंटची गुळगुळीत रिंग बांधून दिली होती. भोवती कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी पाइप, बाहेर दोन बाकं, कडेला कडुलिंब. तिथे एक बाई मुलांना स्केटिंग शिकवतात एवढं गौरीला शाळेत कळलं आणि तिनं हट्ट धरला. नेमक्या सासूबाई तेव्हा गावाहून आल्या होत्या. पिशवीतून काढलेले ते चार-चार चाकांचे बूट त्यांनी हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. "हाई काय शे?" म्हणाल्या, आणि मी सांगितल्यावर काही न बोलता बूट खाली ठेवून देवघराकडे गेल्या.

पहिला आठवडा मॅडमनी मुलांना चाकं लावूच दिली नाहीत. नुसतं पडायला शिकवलं. गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचं, हाताच्या मुठी करायच्या म्हणजे बोटं कुणाच्या चाकाखाली येत नाहीत. मला तो सगळा वेळकाढूपणा वाटला. मग चाकं लागली त्याच दिवशी गौरी आपटली. आवाज बाकापर्यंत आला. मी पाइपाखालून वाकून आत शिरणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "गौरीच्या आई, बसा."

"लागलंय हो तिला."

"लागलंय. मोडलेलं काही नाही, मी पाहिलंय. बसा."

एवढं बोलून त्यांनी गौरीकडे चक्क पाठ केली आणि कडुलिंबाकडे बघत उभ्या राहिल्या. मला इतका राग आला की कान गरम झाले. गौरीनं रडत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणीच आपल्याकडे बघत नाही म्हटल्यावर तिचं रडणं ओसरलं. मग पाइपाला धरून ती उठली.

संध्याकाळी निघताना मी त्यांना तावातावानंच विचारलं, की पोर पडली असताना पाठ कशाला फिरवायची. त्या बुटांच्या नाड्या गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "पडलेल्याकडे बघत राहिलं की त्याला आधी लाज आवरावी लागते, मग उठावं लागतं. एवढ्याशा पोराला दोन-दोन कामं कशाला द्यायची?"

मी आणलेलं भांडण तसंच घरी घेऊन गेले.

मॅडम उंच होत्या, सडपातळ. केस कानापर्यंत कापलेले. अंगात बहुतेक फिक्या रंगाचा पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, ते त्यांच्या वडिलांचं होतं असं पुढे कळलं. सकाळी एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि संध्याकाळी रिंगवर यायच्या. लहानपणी मुंबईत एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडे त्या हे स्केटिंग शिकल्या होत्या. शर्यतीचं नाही, संगीतावर करतात ते. गिरक्या, उड्या, एका पायावर मागे मागे जाणं. नाशिकमध्ये तेव्हा ते शिकवणारं दुसरं कुणी असेल तर मला माहीत नाही.

आवाज त्या कधी चढवत नसत. मुळात इतक्या हळू बोलायच्या की मुलांना खेळ थांबवून त्यांच्याजवळ जावं लागे. शाबासकी तर त्यांच्या शब्दकोशातच नव्हती. मुलीनं एखादी गिरकी अगदी सुरेख घेतली की त्या म्हणायच्या, "हं. परत." वाईट घेतली तरी "परत"च, फक्त पुढचं "हं" नसायचं. त्या एका "हं"साठी पोरी घाम गाळायच्या.

रिंगच्या मधोमध त्यांनी पांढऱ्या रंगानं एकमेकांना चिकटलेली वर्तुळं रंगवून घेतली होती. त्या रेषेवरून एका पायावर, तोल न सोडता, न थांबता फिरायचं. दिसायला काहीच नाही, आणि करायला महाकठीण. मुलं कंटाळायची. आयाही कंटाळायच्या. शेजारच्या बाकावरच्या एका बाईंनी एकदा म्हटलंसुद्धा, "मॅडम, गॅदरिंगला दाखवता येईल असं काही शिकवा की." मॅडम म्हणाल्या, "हे जमलं की तेही जमेल." त्या बाईंनी पुढच्या महिन्यापासून मुलीला भरतनाट्यमला घातलं.

अशी माणसं जात राहिली. रिंगवर शर्यतीचं शिकवणारे एक सर येऊ लागले, एका रांगेत चाकं असलेले नवे बूट आले, आणि मुलांचे थवेच्या थवे तिकडे वळले. त्यात वेग होता, मेडलं होती. मॅडमच्या वाट्याला रिंगची अर्धी बाजू आणि मूठभर मुली राहिल्या. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. पण मुलगी सोडून गेली की पुढचे काही दिवस त्या तिच्या जागेकडे बघून "परत" म्हणायला तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. बाकावर बसून मी ते पाहिलं आहे.

गौरी सातवीत असताना पुण्याला स्पर्धा होती. गौरी, मॅडम आणि मी अशा तिघी एसटीनं गेलो. हॉल मोठा होता, शर्यतीच्या मुलांनी गजबजलेला. दुपारी गौरीचा नंबर यायचा होता, तेवढ्यात एक संयोजक हातातला कागद हलवत आमच्याकडे आले.

"मॅडम, हिच्या गटात हिचीच एंट्री आहे. दुसरं कुणी नाहीच. मेडल देऊन टाकतो, म्हणजे तुम्हाला लवकर बस मिळेल."

"मेडल कशाचं?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्या नंबराचं."

"तिनं अजून केलं कुठं आहे?"

संयोजक हसले. त्यांना वाटलं मॅडम गंमत करताहेत. मग त्यांनी समजावून पाहिलं, की परीक्षक जेवायला गेलेत, पुढच्या शर्यतीची तयारी करायचीय. मॅडम ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या, पण जागच्या हलत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "मी थांबते. परीक्षकांचं जेवण होऊ दे."

परीक्षक आले, पण सगळे नाही. हॉल ओस पडला होता. एका कोपऱ्यात माणसं खुर्च्या एकात एक घालून रचत होती, त्याचा खडखडाट चालू होता. मॅडमनी कॅसेट लावली. मोसंबी रंगाचा झगा घातलेली माझी पोर त्या एवढ्या मोठ्या हॉलच्या मध्ये एकटी उभी राहिली, तेव्हा मला खरंच वाटलं, की कशाला हा अट्टहास. उडीत ती पडली. उठली, संगीताच्या मागे राहिली, मग धावून गाठलं आणि पुढचं सगळं केलं. शेवटची गिरकी घेऊन हात वर करून थांबली. एका परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्च्यांवाल्या माणसांपैकी एकानंही वाजवल्या, मग तो ओशाळून पुन्हा कामाला लागला.

मॅडमनी तिच्या अंगावर स्वेटर घातला. म्हणाल्या, "दुसऱ्या गिरकीला घाई केलीस."

परतीच्या बसमध्ये गौरी खिडकीशी बसली होती. मेडल दप्तरात होतं. नारायणगाव आल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, कुणी बघतच नव्हतं, तर का करायला लावलंत?"

मॅडमनी उलट विचारलं, "करताना तुला ते आठवत होतं का, की कुणी बघत नाहीये?"

"आधी आठवत होतं. पडल्यावर नाही."

"मग झालं," मॅडम म्हणाल्या आणि पेरू कापायला घेतला.

त्याच्या पुढच्या वर्षी गौरी आणि तिची मैत्रीण मृण्मयी यांच्या डोक्यात जोडीचं खूळ शिरलं. जोडीनं करायचा प्रकार असतो, हातात हात घालून, एकमेकांच्या तोलावर. दोघींनी गाणंसुद्धा ठरवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "जोडी मी शिकवत नाही." पोरींनी गळ घातली, मृण्मयीच्या वडिलांनी येऊन विनंती केली. मॅडमचं उत्तर तेच. एवढ्याशा गोष्टीसाठी मृण्मयी रागावून शर्यतीच्या सरांकडे गेली, आणि मॅडमनी तिलाही जाऊ दिलं.

त्याचं कारण मला कळलं ते त्यांच्या भावाकडून. शेखर त्यांचे मोठे भाऊ. अमेरिकेत असायचे. त्या डिसेंबरात आईला भेटायला आले होते आणि एका संध्याकाळी बहिणीबरोबर रिंगवर आले. माझ्या शेजारी बाकावर बसले. गृहस्थ बोलके होते. समोर मॅडम एका लहान मुलीच्या बुटाची नाडी ओढून बांधत होत्या. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "आम्ही दोघं जोडीनं करायचो. तुम्हाला बोलली असेल."

मी नाही म्हटलं.

"लहानपणापासून करायचो. मुंबईत आमचं नाव होतं बऱ्यापैकी. मला तिकडे शिकायला जायची संधी आली तेव्हा आमची मोठी स्पर्धा तोंडावर होती. मी म्हटलं, मालू, मी गेलो तर चालेल का? तर म्हणाली, जा. रडली नाही, काही नाही. नंतर आईचं पत्र आलं. मालू स्पर्धेला गेली होती. एकटी. जोडीचाच प्रोग्रॅम एकटीनं केला. मी असायचो तिथे हात तसाच धरून. त्यांनी अर्थातच बाद केलं. त्यानंतर स्पर्धेत कधी उतरली नाही."

समोर मॅडम त्या मुलीला म्हणत होत्या, "हं. परत."

गौरीची दहावी आली. आमच्याकडे दहावी आली की सगळं थांबतं. नाच, गाणं, खेळ, सगळं. मॅडमना ते ठाऊकच होतं. कितीतरी मुली अशा नववीच्या सुट्टीनंतर आल्याच नव्हत्या. सांगायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून मी गौरीला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्याआधी मी तिथे कधी गेले नव्हते.

दोन खोल्यांचा ब्लॉक. बाहेरच्या खोलीत खाटेवर त्यांच्या आई बसलेल्या. म्हाताऱ्या, स्वच्छ, पांढऱ्या शुभ्र केसांच्या. विसरभोळेपणा फार वाढला होता. मॅडम चहा घेऊन आल्या तर आईंनी विचारलं, "तू कुणाची गं?"

"मी मालू."

"शेखर कुठाय?"

"येईल. चहा घे."

आमचा चहा होईपर्यंत आईंनी तेच पुन्हा पुन्हा विचारलं आणि मॅडमनी दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. सकाळी त्या शाळेत आणि संध्याकाळी रिंगवर असत तेवढा वेळ शेजारच्या काकू येऊन बसत. तेवढाच काय तो त्यांचा बाहेरचा वेळ. मोठ्या शहरातल्या एका क्लबनं त्यांना बोलावलं होतं, राहायची सोय करून देणार होते, हे मला शेजारच्या काकूंनी जिन्यात सांगितलं. आईंना नवं घर कळणार नाही म्हणून त्या गेल्या नाहीत.

गौरीनं कसंबसं सांगितलं, की आता येता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "दहावी आहे. अभ्यास कर." मग जिन्यापर्यंत सोडायला आल्या, आणि गौरी खाली उतरल्यावर मला म्हणाल्या, "तिचे बूट विकू नका लगेच. पुढे कधी दिसले की बरं वाटतं मुलांना." बूट अजून माळ्यावर आहेत.

गौरी जायची थांबली तरी मी फिरायला गेले की बाकावर टेकायची. सवयच झाली होती. मॅडम लांबून मान हलवायच्या, कधी येऊन शेजारी बसायच्या. आम्ही फारसं बोलायचो नाही. दोघींच्या मध्ये त्यांची पाण्याची बाटली असायची आणि समोर एक-दोन मुली गोल गोल फिरत असायच्या.

सिंहस्थाच्या वर्षी गावात जिकडेतिकडे मांडव पडले. कुणा मांडववाल्याचे बांबूंनी भरलेले ट्रक आमच्या रिंगवर आठवडेच्या आठवडे उभे राहिले. ते हलले तेव्हा सिमेंटला भेगा गेल्या होत्या आणि ती पांढरी वर्तुळं मधोमध फाटली होती. शर्यतीच्या सरांनी दुसरीकडे नवी जागा शोधली. मॅडमनी एक गवंडी आणला, भेगा बुजवून घेतल्या. गवंडी गेल्यावर स्वतः ओणव्या होऊन वर्तुळं पुन्हा रंगवली. मी डबा धरून उभी होते. बुजवलेल्या भेगांवरून चाक गेलं की खट आवाज यायचा. त्या म्हणाल्या, "आवाज आला की मुली सावध राहतील," पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. पुढे दोन-तीन वर्षांत कॉलनीनं तिथे हॉल बांधायचं ठरवलं. मॅडमचे गुडघेही तोवर बोलायला लागले होते. त्या एका शाळेच्या मैदानावर रविवारी थोडं शिकवायच्या, मग तेही थांबलं. त्यांच्या आई गेल्या तेव्हा शेखरराव दिवसांना आले आणि परत गेले.

त्याच सुमाराची गोष्ट. गौरी इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागली होती. साखरपुडा झाला होता, कार्यालय ठरलं होतं. लग्न महिन्यावर आलं असताना मुलाकडच्यांनी फोनवर नकार कळवला. कारणही धड सांगितलं नाही. गौरी रजा घेऊन घरी आली. नातेवाईक येत होते, समजूत घालत होते, म्हणजे तिच्याकडे टक लावून बघत होते. ती रडत नव्हती आणि जेवतही नव्हती. एका सकाळी म्हणाली, "आई, मला मॅडमकडे सोड."

मी स्कूटीवर घेऊन गेले. मॅडमनी दार उघडलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला, केस पूर्ण पांढरे. गौरीकडे पाहून त्यांनी विचारलं, "नोकरीचं काही झालं?"

"नाही. लग्न मोडलं."

मॅडमनी दारातून बाजूला होऊन तिला आत घेतलं. समोर ताटात मटार होते. त्यांनी ताट तिच्या मांडीवर दिलं, शेंगांची पिशवी मधे ठेवली आणि स्वतः समोर बसल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. कितीतरी वेळ फक्त शेंगा मोडल्याचा आवाज. मग गौरी म्हणाली, "मॅडम, आता काय करू मी?"

"आत्ता मटार सोल."

पुन्हा शेंगा. आणि मग शेंगेवरून नजर न काढता मॅडम म्हणाल्या, "शेखर गेल्यावर मलाही सावरायला वेळ लागला होता. मी कुणाला काही सांगितलं नाही, म्हणून जास्तच लागला. तुला मी सगळं शिकवलं, हे शिकवायचं राहिलं. तू आलीस ते बरं केलंस."

गौरी तेव्हा रडली. मॅडम उठल्या नाहीत, जवळ गेल्या नाहीत. पण या वेळी त्यांनी पाठही फिरवली नाही. तिच्याकडे बघत बसून राहिल्या. ती रजेवर होती तोवर रोज त्यांच्याकडे जायची. काय बोलायच्या ते मी विचारलं नाही. परत पुण्याला गेली तेव्हा माझी मुलगी जेवत होती.

पुढच्या वर्षी शेखररावांनी त्यांना कायमचं तिकडे बोलावून घेतलं. इथे आता त्यांना धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, आणि जिना चढवत नव्हता. तिथून त्यांचा मला एकदाच फोन आला. म्हणाल्या, "गौरीच्या आई, इथे घराजवळ बर्फाची रिंग आहे. काचेच्या मागे बसायला जागा केलीय. मी जाते अधूनमधून." मी विचारलं, तुम्ही शिकवत का नाही तिथं? त्या म्हणाल्या, "इथं शिकवणारे पुष्कळ आहेत हो." मग त्यांनी गौरीची चौकशी करून फोन ठेवला. पुढे शेखररावांकडून त्या गेल्याचं कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाशिकच्या बसस्टँडवर. मुंबईची बस होती, तिथून विमान. पोचवायला मी एकटीच होते. गौरीला रजा मिळाली नव्हती. बॅग डिकीत ठेवून झाली, त्या चढून खिडकीशी बसल्या. बाहेर गोंगाट होता, काच बंद होती, त्यामुळे बोलणं काही झालं नाही. बस मागे घेताना मी हात वर केला.

पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. फलाटाच्या कठड्यावरून एक परकरी पोर दोन्ही हात पसरून, पावलापुढे पाऊल टाकत चालली होती. तिची आई बोचकी मोजत होती. मॅडम काचेला कपाळ टेकवून त्या पोरीची पावलं बघत होत्या, आणि ती ज्या बाजूला कलायची तिच्या उलट बाजूला त्यांची मान किंचित कलत होती. पोर कठड्याच्या टोकाला पोचून खाली उतरली. तेवढ्यात बस वळली.